विलायतेचा विद्यार्थी आणि साधर्मिकांचा आधार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उच्च शिक्षणासाठी विलायतेस जाणे हा केवळ पैशांचा प्रश्न नव्हता. पैसा कर्ज काढून, दागिने विकून उभा करता येत असे. खरे प्रश्न दोन होते. मुलगा तेथे खाणार काय, आणि परत आल्यावर त्याला ज्ञातीच्या पंक्तीस बसू देणार की नाही? या दोन प्रश्नांपुढे अनेक हुशार मुलांचे शिक्षण थांबले. ज्यांचे थांबले नाही, त्यांच्या मागे बहुधा कोणीतरी समंजस वडीलधारी व्यक्ती उभी होती. अशा आधाराच्या इतिहासात जैन साधू, जैन व्यापारी आणि जैन संस्था यांचा वाटा मोठा आहे. तो समाजालाही पुरेसा ठाऊक नाही.

सर्वांत परिचित उदाहरण मोहनदास करमचंद गांधी यांचे. ते जैन नव्हते, मोढ वाणी वैष्णव होते. पण घरात जैन साधूंचे येणे-जाणे होते. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी मुलाला बॅरिस्टरीसाठी विलायतेस पाठवा, असे सुचविले. मातोश्री पुतळीबाईंचा जीव मात्र होईना. तेव्हा बेचरजी स्वामी पुढे आले. हे स्वामी मूळचे मोढ वाणीच, पुढे जैन साधू झालेले. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी मोहनदासांना दिली आणि मातेने अनुमती दिली. मुंबईस ज्ञातीच्या सभेने उलट निर्णय घेतला. मुलाला ज्ञातिबहिष्कृत केले आणि जो कोणी त्याला मदत करील वा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरविला. ता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास बोटीवर चढले.

ज्ञातीने नियम दाखविला, साधूने व्रत दिले. दोहोंतील अंतर विचार करण्याजोगे आहे. वास्तविक श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहेच. कोणत्या दिशेस किती दूर जायचे याची मर्यादा श्रावक स्वतःच घालून घेतो. म्हणजे प्रवासाविषयीची सावधगिरी जैन आचारात नवी नव्हे. पण ती मर्यादा स्वेच्छेने स्वीकारलेली असते, सभेने लादलेली नसते. श्रीमद् राजचंद्र यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबईत त्यांनी केलेले शतावधानाचे प्रयोग पाहून मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी त्यांना युरोपात जाण्याचा आग्रह केला. तेथे जैन आचाराप्रमाणे राहणे शक्य नाही म्हणून त्यांनी तो नाकारला, असे चरित्रकार सांगतात. एकाने व्रत घेऊन प्रस्थान केले, दुसऱ्याने व्रतासाठी प्रस्थान टाळले. समाजाने दोघांनाही मानले.

पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य श्री विजयानंदसूरी म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले. पादविहारी साधूला समुद्रापार जाणे अशक्य. त्यांनी महुव्याच्या वीरचंद राघवजी गांधी या एकोणतीस वर्षांच्या पदवीधर श्रावकाला तयार करून आपल्या जागी पाठविले. सनातनी मंडळींनी समुद्रगमनास विरोध केला, तरी आचार्यांचे पाठबळ ढळले नाही. अमेरिकेत वीरचंदांनी व्याख्यानांखेरीज हिंदी स्त्रियांच्या शिक्षणासाठी एक संस्थाही स्थापन केली. ज्या काळात मुलाला पाठवावे की नाही यावर वाद होता, त्या काळात त्यांच्या डोळ्यांसमोर मुली होत्या! १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता लंडन. मोहनदासांच्या खिशात चार परिचयपत्रे होती. त्यांतील एक डॉ. प्राणजीवन जगजीवन मेहता यांच्या नावे होते. मोरबीच्या जैन कुटुंबातील हे गृहस्थ वैद्यकी शिकून विलायतेस आलेले. तार मिळताच त्याच दिवशी रात्री ते व्हिक्टोरिया हॉटेलात भेटीस हजर झाले. बोलता बोलता मोहनदासांनी त्यांची उंच रेशमी टोपी हाती घेऊन उलट्या बाजूने हात फिरविला आणि तिची लव विस्कटली. डॉक्टरांनी किंचित रागाने थांबविले आणि तेथेच पहिला पाठ दिला: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्या भेटीत खाजगी प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये. दोन-तीन दिवसांनी त्यांनी खोली पाहून नापसंती दर्शविली. हॉटेलात राहून पैसा जाईल आणि इंग्रज जीवन कळणारही नाही, तेव्हा एखाद्या कुटुंबात राहावे, हा त्यांचा सल्ला. त्यापूर्वी काही दिवस रिचमंडला एका मित्राकडे उमेदवारी करावी, असे त्यांनी सुचविले आणि तशी सोयही लावून दिली. पुढे वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी बिऱ्हाड मिळवून देण्यात त्यांचा हात होता. आज सल्लागार कचेऱ्यांत शुल्क भरून जे मिळते, ते सारे या तरुण डॉक्टरांनी एका परिचयपत्राच्या आधारावर दिले.

अन्नाचा प्रश्न मात्र डॉक्टरांनाही सोडविता आला नाही. मित्र मांसाहाराचा आग्रह करीत, घरधनीण बाईला शाकाहारी पाहुण्याला काय वाढावे ते कळत नसे, आणि मुलगा भिडेमुळे दोन-तीन पावांच्या तुकड्यांवर उठे. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा विलायतेत प्रथमच त्यांचे पोट भरले. या उपासमारीचे फळ विलक्षण आहे. दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर १८९३-९४ च्या सुमारास गांधींनी लंडनला जाऊ इच्छिणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत एक मार्गदर्शिका लिहिली. विलायतेस कोणी जावे, कोणते कपडे न्यावेत व ते केवढ्यास पडतात, बोटीवर शाकाहाऱ्याने काय खावे, आठवड्याला एका पौंडात राहणे-जेवण कसे भागवावे, सारे त्यात आहे. ती त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही; संकलित वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आज ती वाचावयास मिळते.

स्नेह तेथेच संपला नाही. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन गांधी मुंबईस उतरले, तेव्हा त्यांची राजचंद्रांशी भेट डॉ. मेहतांनीच घडविली, राजचंद्र त्यांच्या थोरल्या बंधूंचे जावई होते. दुसरे बंधू रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे गावदेवीचे घर, मणिभवन, पुढे गांधींचे मुंबईतील मुक्कामाचे ठिकाण झाले. डॉ. मेहता स्वतः रंगूनला स्थायिक झाले, जवाहिराच्या व्यापारात त्यांनी संपत्ती मिळविली आणि १९१० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतील एका तरुणाच्या विलायतेच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याची तयारी दर्शविली. गांधींनी आपले पुतणे छगनलाल यांना पाठविले. प्रकृती बिघडल्याने ते परतले. मग संधी सोराबजी शापूरजी अडाजानिया या पारशी सत्याग्रहीला मिळाली. गांधींचे थोरले पुत्र हरिलाल बॅरिस्टर होण्याची आस बाळगून होते. आपल्याला डावलले, ही सल त्यांच्या मनातून गेली नाही. १९११ मध्ये ते वडिलांचे घर सोडून निघाले. कारणे अनेक होती, त्यांत हेही एक होते.

दात्याच्या हेतूत येथे कोणतेही न्यून नव्हते, निवडणाऱ्याचीही निःस्पृहता निर्विवाद होती. पण एका घरात कायमचा दुरावा आला. ज्ञानदान कोणाच्या हातून द्यावे, कोणत्या कसोटीवर द्यावे, हा प्रश्न शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येक ट्रस्टच्या बैठकीत येतो. व्यक्तीच्या मर्जीवर चालणारी मदत कितीही उदार असली तरी नाकारलेल्या विद्यार्थ्याला तिच्यात स्वतःचा अव्हेरच दिसतो.

विसाव्या शतकात ही मदत हळूहळू संस्थांच्या हाती आली. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी मुंबई, कोल्हापूर आदी ठिकाणी जैन वसतिगृहे उभारली. आत्मारामजी महाराजांच्याच परंपरेतील आचार्य श्री विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. तेथे साहाय्य घेणारा विद्यार्थी ते कर्ज म्हणून स्वीकारी आणि कमावता झाल्यावर परत करी. घेणाऱ्याला मिंधेपण नाही आणि परत आलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते, ही या पद्धतीची खुबी. नातेसंबंधापेक्षा नियम वरचढ ठरला तो अशा रीतीने.

जेवणाचा प्रश्नही पुष्कळ सुटला. लेस्टरचे जैन मंदिर १९८८ मध्ये झाले; अमेरिकेतील जैन केंद्रांचा महासंघ १९८१ पासून आहे. आज मुंबईहून निघणारा विद्यार्थी विमानात जैन भोजन मागवितो, शुल्कासाठी बँकेचे कर्ज काढतो आणि कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकघराचा पत्ता निघण्यापूर्वीच विचारून ठेवतो. उतरल्याच दिवशी रात्री त्याच्या खोलीचे दार ठोठावणारा कोणी तेथे आहे की नाही, हे मात्र अद्यापही त्या गावी कोण साधर्मिक राहतो यावरच अवलंबून असते.