स्वतःच्या खात्याची किल्ली

बँकेतला पैसा खातेदाराचा, याबद्दल वाद नाही. पण त्या पैशाची नोंद कोणाची? भारतीय बँकव्यवहाराच्या संगणकीकरणाबरोबर हा प्रश्न हळूहळू अवघड होत गेला.

हाताने लिहिलेल्या पासबुकाच्या काळात उत्तर सोपे होते: खातेवही शाखेत आणि तिची नक्कल खातेदाराच्या हाती. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. पुढे कोअर बँकिंगमुळे खातेवही शाखेतून मध्यवर्ती सर्व्हरवर गेली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या नेटबँकिंगने ती खातेदाराला पडद्यावर दाखवली. मात्र ती त्याच्या डोळ्यांसाठी होती. त्याने लिहिलेल्या आज्ञावलीसाठी नव्हे.

ज्यांना आज्ञावली लिहिता येत होती, त्यांनी आडवाटा शोधल्या. पहिली वाट ‘स्क्रीन स्क्रेपिंग’ची. स्क्रिप्ट खातेदाराच्या नावाने लॉगिन करते आणि वेबपानावरील आकडे टिपते. बँकेने पानाची मांडणी बदलली की ती कोलमडते. कॅप्चा आणि ओटीपी तिला दारातच अडवतात. खरा धोका निराळाच आहे. शिल्लक पाहणे आणि पैसे पाठवणे यांतला फरक पासवर्डला कळत नाही. तो त्रयस्थ अ‍ॅपच्या हाती दिला, की दोन्हींची वाट उघडते.

दुसरी वाट बँकेच्या एसएमएसमधून रक्कम आणि तारीख वेचण्याची. ऑक्टोबर २०१८मध्ये गूगलने अँड्रॉइड अ‍ॅपना एसएमएस वाचू देण्यावर कडक निर्बंध जाहीर केले आणि ही वाटही अरुंद झाली. तिसरी वाट ईमेलने येणाऱ्या पीडीएफ विवरणपत्राची. आपल्याच संगणकावर पायथनने ते वाचणे त्यातल्या त्यात निर्धोक. पण पीडीएफ छपाईसाठी घडलेले असते. डोळ्यांना दिसणारे रकाने फाइलमध्ये रकाने म्हणून असतीलच असे नाही. ते अक्षरांच्या जागांवरून ओळखावे लागतात.

सरळ रस्त्याची आखणी रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०१६च्या ‘अकाउंट अ‍ॅग्रीगेटर’ निर्देशांनी केली. ही व्यवस्था २ सप्टेंबर २०२१ रोजी प्रत्यक्षात आली. तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. मध्यस्थाने खातेदाराचा पासवर्ड मागायचा नाही. संमतीपत्रात कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ हे नमूद असते आणि ती संमती मागेही घेता येते. माहिती कूटबद्ध होऊन जाते, त्यामुळे ती पोहोचवणाऱ्या मध्यस्थालाही वाचता येत नाही. नोंदींचा नमुना ठरलेला असल्याने अक्षरांच्या जागा मोजण्याची गरज उरत नाही.

आडवाटा शोधणाऱ्यांना जे हवे होते, ते सारे येथे आहे. फक्त त्यांना प्रवेश नाही. ‘माहिती-वापरकर्ता’ होण्यासाठी रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक किंवा पेन्शन नियामक यांच्यापैकी एकाच्या नियंत्रणाखालील नोंदणीकृत संस्था असावे लागते. कर्ज देणाऱ्या कंपनीची आज्ञावली खातेदाराच्या नोंदी थेट घेऊ शकते. खातेदाराची स्वतःची आज्ञावली मात्र नाही. वास्तविक मध्यस्थाच्या कामाच्या व्याख्येत माहिती ‘ग्राहकासमोर’ मांडणे आहेच. पण अ‍ॅपच्या पडद्यावर आकडे दिसणे वेगळे आणि यंत्राला वाचता येईल अशी नोंद हाती येणे वेगळे.

कायद्यातून हा हक्क मिळण्याची संधी एकदा आली होती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात आणि २०१९च्या विधेयकात आपली माहिती यंत्रवाच्य स्वरूपात मिळवण्याचा, म्हणजे ‘डेटा पोर्टेबिलिटी’चा हक्क होता. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीचा सारांश मागण्याचा हक्क राहिला. पोर्टेबिलिटी वगळली गेली.

प्रवेशावरील निर्बंधांमागे कारण आहे: कोणालाही वापरकर्ता होऊ दिले, तर भोळ्या खातेदाराची संमती लुबाडणारे पुढे येतील. पण स्वतःच्या नोंदी स्वतःच मागणाऱ्याला हा आक्षेप कितपत लागू पडतो, याचे उत्तर धोरणकर्त्यांनी द्यायचे आहे. तोवर हिशेब ठेवू पाहणाऱ्याच्या स्क्रिप्टला दर महिन्याला पीडीएफमधले रकानेच शोधावे लागतील.