सेवेचे माप

कलबुर्गी नगरीचे नाव घेतले की शरणबसवेश्वरांच्या दासोहाचे स्मरण होते. दासोह म्हणजे केवळ अन्नदान नव्हे. आपल्याजवळ जे आहे ते देवाचे आहे आणि आपण फक्त वाढपी आहोत, अशा भावनेने केलेले दान म्हणजे दासोह. अरळगुंडगीच्या शेतात उभ्या पिकावर उतरलेल्या पाखरांना या सत्पुरुषाने हुसकावले नाही, पोटभर खाऊ दिले, अशी कथा त्या भागातील घराघरांत सांगितली जाते. ही भूमी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती म्हैसूर राज्यात गेली. २०१४ साली गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. राज्ये बदलली, नावे बदलली, पण कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी माणसे शेजारी शेजारी नांदत राहिली.

याच नगरीत २००५ साली कॅथलिक पंथाच्या नव्या धर्मप्रांताची स्थापना झाली. तेथील कॅथलिक समाज संख्येने लहान आहे. कॅथलिकांच्या धर्मग्रामाकडे, म्हणजे कोकणीत ज्याला फिर्गज म्हणतात त्याकडे, आपण बाहेरून पाहतो तेव्हा आपल्याला चर्चची घंटा ऐकू येते, पाद्री दिसतो, शाळा आणि दवाखाना दिसतो. मात्र धर्मग्रामात सामान्यतः स्त्रियांचा एक संघही असतो. आजाऱ्याच्या घरी जाणे, बाळंतिणीची विचारपूस करणे, एकाकी म्हातारीला जेवण पोहोचवणे, एकत्र बसून मुलाबाळांसाठी प्रार्थना करणे ही त्याची कामे. या संघाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्याची कुळकथा काय, आणि देवळाशी बांधलेल्या आपल्या समाजाला तीतून काही घेण्यासारखे आहे काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेतला आहे.

या कथेचा आरंभ फ्रान्समधील शातियों या लहानशा गावी होतो. साल १६१७, महिना ऑगस्टचा. व्हिन्सेंट द पॉल नावाचा एक धर्मगुरू तेथे नुकताच आला होता. एका रविवारी तो उपासनेची वस्त्रे चढवीत असता त्याला सांगण्यात आले की, गावापासून थोड्या अंतरावर एका घरातील सगळी माणसे आजारी पडली असून त्यांना पाणी द्यायलाही कोणी उरलेले नाही. त्याने प्रवचनात ही गोष्ट लोकांपुढे ठेवली. दुपारनंतर तो स्वतः तिकडे निघाला, तेव्हा त्याच कामासाठी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या स्त्रियांची रीघच त्याला वाटेत भेटली. ऊन एवढे होते की कित्येकजणी रस्त्याच्या कडेला विसावा घेत बसल्या होत्या.

दुसरा कोणी असता तर या दृश्याने कृतार्थ झाला असता. व्हिन्सेंटच्या मनात मात्र वेगळाच विचार आला. आज या घरात इतके अन्न आले आहे की त्यातील बरेचसे नासून जाईल, आणि उद्या हेच आजारी लोक पुन्हा उपाशी राहतील. गावात दयेची वाण नव्हती. दयेला माप नव्हते, ही उणीव होती. तीन दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्याने गावातील काही स्त्रियांना एकत्र आणले. आळीपाळीने एकेकीने एक दिवस आजाऱ्यांचा भार घ्यावा, असे ठरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघाची रीतसर स्थापना झाली. कॅथलिक स्त्रियांच्या संघटित सेवाकार्याची एक मोठी परंपरा येथून सुरू होते.

या संघाचा नियम वाचताना त्यात एखाद्या अनुभवी गृहिणीचाच हात असावा असे वाटते. विवाहित, विधवा, अविवाहित, कोणीही स्त्री त्यात येऊ शके. मात्र विवाहितेने पतीची आणि मुलीने आईवडिलांची संमती घ्यावी, असा दंडक होता. सभासदांनी स्वतःस गरिबांच्या सेविका म्हणवून घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. अन्न शिजवून नेल्यावर आजाऱ्याला प्रसन्न मुद्रेने अभिवादन करावे, त्याच्यापुढे स्वच्छ कापड अंथरावे, हात धुवायला पाणी द्यावे, प्रार्थना म्हणावी, आणि आईने लेकराला भरवावे तशा मायेने त्याला खाऊ घालावे. एक बारकावा तर विशेष मनात ठसतो. ज्याच्याजवळ कोणी माणूस आहे अशा आजाऱ्यापासून सुरुवात करावी आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे. म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. अन्नाला माप हवे तसे वेळेलाही हवे, आणि ज्याचे कोणी नाही त्याला वेळाचा मोठा वाटा मिळावा, हे यामागचे शहाणपण होय.

पैशाच्या बाबतीत मात्र पहिल्या नियमात काळाची मर्यादा दिसते. देणगीरूपाने येणाऱ्या मिळकतीचा कारभार एकट्या स्त्रियांच्या हाती असणे उचित नव्हे, असे मानून त्यांनी एखादा धर्मशील पुरुष त्यासाठी निवडावा, अशी तजवीज होती. तथापि निवड स्त्रियांनी करावयाची होती, आणि त्यांची स्वतःची प्रमुख व खजिनदारही होतीच. पुढे ठिकठिकाणी असे संघ निघाले. काही जागी स्त्रिया आणि पुरुष यांचे मिळून संघ चालवून पाहिले, तेव्हा कारभारावरून तंटे झाले. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर व्हिन्सेंटने स्वतःच असा निर्वाळा दिला की, स्त्रियांच्या हिशेबाविषयी आणि सचोटीविषयी आपल्याला समाधानच आहे. आपल्याच नियमातील शंका अनुभवाने खोटी ठरली, हे त्याने प्रांजळपणे मान्य केले.

या कार्याला ज्या स्त्रीने खरा आकार दिला ती लुईज द मारिलाक. तिचा जन्म १५९१ सालचा. आपली जन्मदात्री कोण हे तिला कधी कळले नाही. १६१३ मध्ये विवाह आणि त्याच वर्षी पुत्रजन्म. १६२५ मध्ये वैधव्य. मिशेल हा तिचा एकुलता एक मुलगा. तो धर्मगुरू व्हावा असे तिला वाटे. त्याचे मन त्यात रमेना. त्याच्या काळजीने ती इतकी व्याकूळ होई की व्हिन्सेंटला पत्रांमागून पत्रांत तिची समजूत घालावी लागली. अशी ही चिंताग्रस्त आई १६२९ पासून गावोगाव फिरून स्त्रियांचे संघ तपासू लागली. हिशेब पाहावे, सेविकांना धीर द्यावा, मुलींना शिकविण्याची व्यवस्था लावावी, असे तिचे काम असे. पॅरिसमधील श्रीमंत घरच्या स्त्रियांना अन्नाची भांडी स्वतः वाहून नेणे जमेना. त्या आपल्या नोकरांना पाठवू लागल्या. तेव्हा मार्गरीत नाझो ही खेड्यातील साधी मुलगी पुढे आली. गुरे राखता राखता ती वाचायला शिकली होती. प्लेगच्या रुग्णाची सेवा करता करता १६३३ मध्ये तिला मृत्यू आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लुईजने अशा काही मुलींना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि त्यांतून सेविकाभगिनींचा संघ उभा राहिला.

मातृत्वाची खरी कसोटी पुढे लागली. पॅरिसमध्ये टाकून दिलेली अर्भके एका घरात ठेवली जात आणि तेथे त्यांतील बहुतेक मरून जात. १६३८ मध्ये संघाच्या स्त्रियांनी यात हात घातला, पण सर्व मुलांचा भार उचलण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून बारा मुले निवडली. ही गोष्ट वाचताना मन चरकते. उरलेल्यांचे काय? तो प्रश्न त्यांनाही छळत असलाच पाहिजे, कारण १६४० साली त्यांनी सर्वच मुलांची जबाबदारी घेतली. पुढे पैसा आटला आणि काम सोडून द्यावे की काय, अशी वेळ आली. तेव्हा व्हिन्सेंटने त्यांना सांगितले, त्याचा आशय असा: तुम्ही या लेकरांच्या आया झालेल्या आहात, आता क्षणभर आईपण बाजूला ठेवा, न्यायाधीश व्हा, आणि ही मुले जगावीत की मरावीत याचा निवाडा तुम्हीच द्या. स्त्रियांनी काम सोडले नाही. आपली आई जिला ठाऊक नव्हती ती लुईज शेकडो निराधारांची आई झाली. मिशेलनेही १६५० मध्ये संसार थाटला आणि तिला नातीचे मुख पाहता आले. १६६० साली, काही महिन्यांच्या अंतराने, लुईज आणि व्हिन्सेंट दोघेही निवर्तले.

येथे आमचे काही वाचक, विशेषतः ज्यांची कुलदैवते गोमंतकात आहेत असे वाचक, आम्हांस थांबवतील. कॅथलिकांच्या दयेची ही कथा ठीक आहे, पण गोव्यात आमच्या पूर्वजांनी जे भोगले त्याचे काय, असे ते विचारतील. हा प्रश्न न्याय्य आहे. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाज्ञेने गोव्यातील पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढविण्याचे फर्मान निघाले. कालांतराने बाप वारला म्हणजे मूल पोरके, मग त्याची आई हयात का असेना, असाही अर्थ लावण्यात आला. ज्या काळात मंगेश आणि शांतादुर्गा यांना नदीपलीकडे अंत्रूज महालात न्यावे लागले, त्याच काळात लेकरांना घेऊन पळालेल्या आयाही होत्या. पॅरिसमध्ये आईने टाकलेल्या मुलाला आई मिळाली आणि गोव्यात आई असलेल्या मुलाला पोरके ठरविण्यात आले. धर्म एकच, शब्दही दयेचेच. मग फरक कशाने पडला?

आमच्या मते तो मापाने पडला. राजसत्तेची दया कोणाला हवी आहे हे विचारीत नाही. ती आपल्या यादीप्रमाणे माणसे मोजते. शातियोंच्या गृहिणीने मात्र आधी विचारले: घरात किती माणसे आहेत, कोण खाऊ शकते, कोणाजवळ कोणी बसलेले आहे? प्रत्येक आई दररोज हाच हिशेब मनाशी करते. कोण पहाटे शेतावर गेले, कोणाला ताप आहे, कोणाला पेज द्यावी आणि कोणाला भाकरी, हे तिला कोणी शिकवीत नाही. हे ज्ञान ज्या सेवेत उतरते ती सेवा टिकते. ज्या सेवेतून ते वजा होते ती एक तर नासते किंवा अन्याय करते.

ही गोष्ट परदेशातून शिकण्याची आपल्याला मुळीच गरज नव्हती. कलबुर्गीच्या शेजारीच, आज ज्याला बसवकल्याण म्हणतात त्या बीदर जिल्ह्यातील कल्याणनगरीत, बाराव्या शतकात ती सांगून झाली होती. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण दांपत्य बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून दासोह चालवी. कन्नडात वेचलेल्या तांदळावरूनच त्यांना हे नाव मिळाले. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मेने त्याला विचारले, ही हाव कशासाठी? आणि जादा तांदूळ परत टाकून यायला लावले. पती अनुभवमंटपातील चर्चेत रमून कामाला विसरला, तेव्हा त्याला कामाची आठवणही तिनेच करून दिली. दानासाठी केलेला संचय हाही लोभ होऊ शकतो, ही बारीक गोष्ट तिने ओळखली. शातियोंला सापडलेले माप तिच्या हाती साडेचारशे वर्षांपूर्वीच होते.

त्याच मंडळातील अक्क नागम्मा ही बसवण्णांची बहीण आणि चन्नबसवण्णांची आई. कल्याणात उत्पात झाला, शरणांची पांगापांग झाली, तेव्हा ती आपल्या मुलासह आणि इतर शरणांसह उळवीकडे गेली, असे परंपरा सांगते. उळवी हे स्थान उत्तर कानड्यातील दाट रानात, कोकणी मुलखाच्या उंबऱ्यावर आहे. एका मुलाची आई संकटकाळी साऱ्या समुदायाची आई झाली. लुईज आणि नागम्मा यांची नावे एकमेकींना ठाऊक असण्याचा संभव नाही. पण दोघींची भेट झाली असती तर बोलायला विषय शोधावा लागला नसता.

आता आपल्या देवस्थानांकडे वळू. भंडाऱ्याच्या दिवशी भाजी चिरायला, तांदूळ निवडायला, पंगतीत वाढायला स्त्रिया असतात. कोठीत काय आहे, किती शिजले, किती उरले, हे त्यांनाच खरे ठाऊक असते. परंतु अनेक देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदवहीत परंपरेने पुरुषांचीच नावे आहेत. महाप्रसाद किती पानांचा करायचा हे बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीत निवडणारे, शिजवणारे हात नसतात. उत्सवाच्या दिवशी अन्न ओसंडते आणि चार दिवसांनी देवळामागच्या गल्लीतील एकटी म्हातारी कशी जेवली हे कोणी विचारीत नाही. शातियोंच्या त्या रविवारी व्हिन्सेंटने हेच पाहिले होते.

कॅथलिक स्त्रियांच्या संघांचे आम्ही आंधळे कौतुक करीत नाही. त्यांच्यातही हिशेबाची वही प्रथम पुरुषाच्या हाती दिली गेली, आणि धर्मगुरूच्या शब्दाबाहेर जाण्याची मुभा स्त्रियांना क्वचितच मिळाली. तरीही एक गोष्ट त्यांनी नियमात बांधली: स्त्रीची सेवा ही उत्सवापुरती हातभार लावण्याची बाब नसून तिला पाळी आहे, पद आहे, वही आहे आणि उत्तरदायित्व आहे. आपल्याकडे भक्ती उदंड आहे, लक्कम्मेचा वारसाही आहे. आपल्या देवस्थानांच्या कारभाऱ्यांनी कोठीची वही स्त्रियांच्या हाती द्यावी, गावातील एकाकी आणि आजारी माणसांची यादी त्यांनाच करू द्यावी, आणि पंगत किती पानांची हेही त्यांनाच विचारावे. पुढच्या उत्सवाची बैठक बसेल तेव्हा हा विषय तीत निघावा, एवढीच आमची विनंती आहे.