लंडनातले एक बिऱ्हाड

जऊळक्याहून लंडनास निघालो तेव्हा घरात तीनच प्रश्न होते : उतरायचे कोठे, खायचे काय आणि पाहायचे काय? हिने आपली पापडांची पुडी बांधून दिली. पण तिन्ही प्रश्नांचा खरा अर्थ मला तेथल्या एका घराने शिकविला.

किंग हेन्रीज रोडवरील ते १० नंबरचे घर. १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे बिऱ्हाड करून होते. चरित्रकार सांगतात, सकाळी पावाचा तुकडा आणि थोडी मासळी; एवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियम गाठीत. १८५७ साली उघडलेल्या तेथल्या घुमटाखालच्या वाचनगृहात दुपारचे जेवण टाळून दार मिटेपर्यंत वाचीत बसत. रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड खात आणि पुन्हा पुस्तक उघडीत. अशा तपश्चर्येतून रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सिद्ध झाला. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. आता तेथे स्मारक आहे. म्युझियमला तर आजही तिकीट नाही.

त्या दिवशी सकाळीच हॉटेलातल्या बेचव न्याहारीबद्दल मी कुरकुरलो होतो. त्या घराच्या पायरीशी पिशवीतली पुडी हाताला लागली आणि मनात ओशाळलो.

परतल्यावर जऊळक्याच्या स्टेशनावर धाकट्याने विचारले, “बाबा, लंडनात काय पाहिलेत?”

म्हटले, “एका विद्यार्थ्याची खोली.”