यंत्राभोवतीचें कुंपण

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगतांना भांडवल घालणाऱ्या धाडसी पुरुषांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात, आणि तीं घेतलींच पाहिजेत. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी उभारली. दोन वर्षांनीं ताडदेवास त्यांची गिरणी चालू झाली, आणि पुढील पंचवीस वर्षांत मुंबई बेटाचें रूप पालटलें. परंतु या इतिहासाची दुसरी बाजू गिरणीच्या भिंतींआंत घडली. यंत्रानें माणसाला इजा करूं नये म्हणून काय करावें, हा प्रश्न तेथें उत्पन्न झाला. आणि त्याचें उत्तर सरकार व मालक यांना पुरतें सुचण्यापूर्वीं तेथें राबणाऱ्यांनींच लिहून दिलें होतें.

त्या काळीं काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. वाफेच्या इंजिनाचा जोर छताजवळ फिरणाऱ्या लोखंडी दांड्यांवर येई, आणि तेथून चामड्याचे पट्टे तो एकेका सांच्यापर्यंत पोंचवीत. पट्टा किंवा दांतेरी चाक उघडें असलें, कीं धोतराचा सोगा अथवा पेंगुळलेल्या मुलाचा हात त्यांत सांपडण्यास एक क्षण पुरे. दुसरें संकट डोळ्यांना न दिसणारें होतें. विणकामांत सूत तुटूं नये म्हणून हवा दमट ठेवीत, आणि कापूस पिंजण्याच्या खात्यांत उडणारी बारीक धूळ श्वासावाटे छातींत जाई. पट्ट्यानें तोडलेला हात सर्वांस दिसे. धुळीनें पोखरलेली छाती कित्येक वर्षांनीं कळे.

या स्थितीची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारनें १८७५ सालीं एक कमिशन नेमलें. त्यामागें निव्वळ भूतदया होती असें म्हणतां येत नाहीं. हिंदुस्थानांतील स्वस्त मालाची लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना धास्ती वाटत होती, आणि येथील गिरण्यांवर निर्बंध यावेत असा त्यांचा आग्रह होता. या कारणानें पुष्कळ देशी पत्रांनींही अशा कायद्यास विरोध केला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे थोडे गृहस्थ मात्र केवळ माणुसकीनें या प्रश्नाकडे पाहत होते. अखेर १८८१ सालीं पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर अगर अधिक माणसें असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावें, आणि अपघाताची वर्दी द्यावी, असें त्यांत सांगितलें होतें. प्रौढ कामगारांच्या तासांविषयीं त्यांत एक अक्षरही नव्हतें.

कायदा झाला, तरी त्याचा अंमल नीट होत नव्हता. १८८२ सालीं विलायतेंतील फॅक्टरी-निरीक्षक मीड किंग यांना मुंबईस आणलें, तेव्हां त्यांनींही तो अपुरा ठरविला. १८८४ सालीं पुन्हां एक कमिशन बसलें. परंतु या सर्व खटाटोपांत ज्याचा हात यंत्रांत जाई, त्याला कोणी विचारलें नव्हतें.

ती उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांनीं भरून काढली. ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. गिरणींत नोकरी केल्यामुळें तेथील व्यवहार त्यांनीं जवळून पाहिला होता. १८८४ सालच्या सप्टेंबरांत त्यांनीं परळच्या सुपारीबागेंत कामगारांची सभा भरविली, आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पांच होत्या: रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, व तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय.

या पांच मागण्या वरवर निरनिराळ्या दिसतात. पण त्यांतील बहुतेकांचा धागा एकच आहे. थकलेला माणूस चुकतो, आणि फिरत्या पट्ट्यापुढें केलेल्या चुकीला क्षमा नसते. म्हणून विश्रांति हीसुद्धां सुरक्षितताच होय. शेवटच्या मागणींत तर त्याहून खोल विचार होता. इजेचा खर्च एकट्या कामगारानें सोसावयाचा असेल, तर कुंपणावर पैसा घालण्याची निकड मालकाला भासत नाहीं. तो भार मालकावर पडला, कीं कुंपणच स्वस्त वाटूं लागतें.

२४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली, व तींत दोन स्त्रियांनीं भाषणें केलीं. त्याच सालीं १० जून रोजीं मालकसंघानें आठवड्याची सुटी मान्य केली, आणि १८९१ सालच्या कायद्यानें सुटी व दुपारची विश्रांति दोन्ही पक्क्या केल्या. पांचवी मागणी मात्र लांबणीवर पडली. लोखंडे १८९७ सालीं प्लेगनें वारले. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ सालीं, म्हणजे त्या अर्जानंतर एकोणचाळीस वर्षांनीं. मधल्या काळांत किती संसार उघड्यावर पडले, त्याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं.

स्वतंत्र भारतांत १९४८ सालीं आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांचीं स्वतंत्र प्रकरणें असलेला विस्तृत फॅक्टरी कायदा झाला. तरी १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्रीं भोपाळ येथें युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. तेथें संरक्षणाचीं साधनें नव्हतीं असें नाहीं. परंतु टाकी थंड ठेवणारें यंत्र बंद होतें, आणि वायु जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. १९८१ सालीं त्याच कारखान्यांत फॉस्जीन वायूनें एका कामगाराचा बळी घेतला होता, आणि कामगार संघटनेनें धोक्याचा इशाराही दिला होता. तो कोणीं मनावर घेतला नाहीं. १९८७ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि धोक्याच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापक यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिति असावी, असें ठरलें.

परळच्या अर्जापासून या समितीपर्यंत एकशेंतीन वर्षें लोटलीं. कुंपण, निरीक्षक व भरपाई हीं तिन्हीं आवश्यक आहेत. पण कुंपण कोठें मोडलें आहे, हें सर्वांआधीं त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसतें. त्यानें निर्भयपणें सांगावें आणि वरच्यांनीं वेळीं ऐकावें, एवढी व्यवस्था ज्या कारखान्यांत असेल, त्याच कारखान्याची सुरक्षितता खरी समजावी.