आतला क्लास की वेगळा क्लास?

क्लासच्या आत क्लास लिहिण्याची पद्धत ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगइतकीच जुनी आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी ओस्लोत सिम्युला ६७ ही भाषा घडवली, ती अल्गॉल ६० च्या पायावर. अल्गॉलमध्ये ब्लॉकच्या आत ब्लॉक चालत असे, त्यामुळे सिम्युलात क्लासच्या आत क्लासही सहज सामावला. स्मॉलटॉक-८० ने मात्र सगळे क्लास एकाच पातळीवर ठेवले. सी++ ने आतल्या क्लासला जागा दिली, पण बाहेरच्या ऑब्जेक्टचा पत्ता त्याला आपोआप दिला नाही.

क्लास आत लिहावा की वेगळा, हा प्रश्न रोजच्या कामाचा झाला तो जावामुळे. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक क्लास स्वतंत्र होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या जावा १.१ मध्ये बटण दाबल्यावर काय करायचे, हे 'लिसनर' नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टकडे सोपवले गेले. चार ओळींच्या लिसनरसाठी प्रत्येक वेळी स्वतंत्र क्लास काढणे जिकिरीचे होते. म्हणून त्याच आवृत्तीत इनर क्लास आले. जावाच्या व्हर्च्युअल मशीनला त्यांचा पत्ताच नव्हता. कंपायलर आतल्या क्लासची वेगळी फाइल करी आणि बाहेरच्या ऑब्जेक्टचा संदर्भ तिच्यात गुपचूप घाली. सोय याच संदर्भाची, आणि अडचणही त्याचीच: आतला ऑब्जेक्ट वापरात असेपर्यंत बाहेरचाही मेमरीतून निघत नाही. अँड्रॉइडवर बंद केलेले स्क्रीन मेमरीत अडकून राहत, त्याचे हे एक नेहमीचे कारण.

नौपाड्यातल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम घेतला, तर निवड स्पष्ट होते. देखभालीच्या बिलाला सर्वसाधारण सभेने ठरवलेला दर आणि थकबाकीवरचे व्याज सोसायटीकडूनच घ्यावे लागते, म्हणून 'बिल' हा 'सोसायटी'चा इनर क्लास शोभतो. सभासदाचे तसे नाही. त्याचा दुसरा फ्लॅट डोंबिवलीच्या सोसायटीत असू शकतो. 'सभासद' वेगळाच हवा. बिलातल्या सिंकिंग फंडाच्या ओळीत फक्त शीर्षक आणि रक्कम असते. बिलाबाहेर तिला कोणी विचारत नाही, पण बिलाचा संदर्भही तिला लागत नाही. ती आत लिहावी, मात्र स्टॅटिक, म्हणजे बाहेरच्या ऑब्जेक्टच्या संदर्भाविना.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही हाच विवेक दिसतो. 'अरेलिस्ट'मधल्या वस्तू एकेक करून देणाऱ्या इटरेटरला ती यादी हाताशी लागते, म्हणून तो इनर क्लास आहे; 'लिंक्डलिस्ट'चा नोड स्टॅटिक आहे. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या 'इफेक्टिव्ह जावा'त हाच सल्ला दिला: बाहेरच्या ऑब्जेक्टची गरज नसेल तर आतला क्लास स्टॅटिक ठेवावा.

२०१४ मध्ये जावा ८ च्या लॅम्डाने, म्हणजे क्लासशिवाय लिहिता येणाऱ्या छोट्या फंक्शनने, लिसनरसाठी क्लास लिहिण्याचे कारणच बहुतेक ठिकाणी संपवले. २०१६ मध्ये कॉटलिन या भाषेची पहिली पक्की आवृत्ती आली. तिच्यात आतल्या क्लासला बाहेरचा संदर्भ हवा असल्यास 'इनर' असे स्पष्ट लिहावे लागते. जावाच्या कंपायलरनेही २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून न वापरलेला छुपा संदर्भ साठवणे बंद केले.