विश्रांतीचा हुकूम आणि चालण्याची मात्रा

धाप लागलेल्या माणसास ‘जरा बसा, दम घ्या’ असे म्हणणे हा माणुसकीचा पहिला उद्गार होय. दोन जिने चढून आलेला वृद्ध उंबरठ्यावर उभा राहून श्वास गोळा करू लागला की घरातील मंडळी खुर्ची पुढे ओढतात, आणि तो प्रसंग सरला म्हणजे ‘उद्यापासून खाली उतरूच नका’ असा मायेचा हुकूमही सुटतो. या हुकुमामागे नुसती मायाच होती असे मात्र नाही. पाऊण शतकाहून अधिक काळ वैद्यकशास्त्रही बहुतांशी हेच सांगत होते. ज्याची फुप्फुसे जुनाट रोगाने जर्जर झाली आहेत त्याने हालचाल करू नये, हे मत आरोग्यधामांच्या दगडी भिंतींइतके पक्के झाले होते. ते कसे बनले आणि त्यास तडे कसे गेले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकात जुनाट फुप्फुसविकार म्हटला की क्षयच डोळ्यांपुढे येई. क्षयावरील पहिले नामांकित आरोग्यधाम हेर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टरने १८५४ च्या सुमारास सायलेशियातील ग्योर्बेर्सडोर्फ या डोंगराळ गावी काढले. (हे गाव आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव सोकोवोव्स्को असे आहे.) क्षयरोग्याचे हृदय प्रकृतीनेच लहान असते व ते बळकट केल्यास रोग हटतो, अशी ब्रेमरची समजूत होती. ती चुकीची होती. पण तिच्यामुळे तो आपल्या रोग्यांना डोंगरवाटांवरून हळूहळू वाढत्या अंतराने चालावयास लावी. या परंपरेचा आरंभ विश्रांतीने झाला नाही, चालण्याने झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वारे फिरले ते त्याच्याच शिष्याच्या हातून. पेटर डेटवायलर हा स्वतः क्षयाने पीडित होऊन ब्रेमरकडे आला, बरा झाला आणि १८७६ साली फाल्केनश्टाइन येथील आरोग्यधामाचा प्रमुख बनला. गुरूची डोंगरचढण त्याने बाजूस सारली आणि उघड्या व्हरांड्यात, कांबळ्यात गुरफटून, आरामखुर्चीवर तासन्‌तास पडून राहण्याचा उपचार रूढ केला. ही आरामखुर्ची पुढे युरोप-अमेरिकेतील आरोग्यधामांचे जणू बोधचिन्ह झाली. हिंदुस्थानातही १९०६ साली अजमेरनजीक तिलोनिया येथे खुल्या हवेचे आरोग्यधाम निघाले. मिरज-सांगलीच्या टापूतील लोकांना वानलेसवाडीचे नाव याच कारणाने ठाऊक झाले. स्वच्छ हवा, पुष्टिकारक अन्न आणि विश्रांती ही त्रयी सर्वत्र प्रमाण मानली गेली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. प्रश्न होता तो तिसरीचा.

तो प्रश्न इंग्लंडमध्ये एका व्यवहारी डॉक्टरला पडला. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने सरे परगण्यात फ्रिम्ली येथे एक आरोग्यधाम बांधले. १९०५ साली तेथे रोगी येऊ लागले आणि मार्कस पॅटरसन हा त्याचा पहिला वैद्यकीय अधीक्षक झाला. त्याच्याकडे येणारे रोगी कारकून, मजूर, मोलकरणी अशा कष्टकरी वर्गातील होते. श्रीमंत रोगी आल्प्समधून परतल्यावर आणखी वर्षभर गच्चीवर पडून राहू शकत असे. लंडनच्या मजुराला सोमवारी कामावर हजर व्हावे लागे. महिनोन्‌महिने खाटेवर लोळून मऊ पडलेला देह एकदम कामाला जुंपला की तो कोसळे. म्हणजे आरोग्यधामातून ‘बरा’ होऊन बाहेर पडलेला माणूस जगण्यास मात्र निरुपयोगी ठरे. पॅटरसनने यावर काढलेला तोडगा ऐकून समव्यवसायी मंडळी चकित झाली. त्याने रोग्यांना श्रम औषधासारखे, मात्रेने द्यावयाचे ठरविले.

त्याची पद्धत मोठी शिस्तीची होती. ताप उतरलेल्या रोग्याने प्रथम अर्धा मैल चालावयाचे. अंतर क्रमाने वाढवीत दिवसाला दहा मैलांपर्यंत न्यावयाचे. हे साधले की मातीच्या टोपल्या वाहावयाच्या. मग लहान फावडे, मग मोठे फावडे, आणि अखेरीस कुदळ. एका पायरीवर देह स्थिरावल्याशिवाय पुढची पायरी नाही. प्रत्येकाचे तापमान मोजले जाई आणि पारा ९९ अंशांच्या आसपास सरकला की काम बंद, पुन्हा अंथरूण. थर्मामीटर हा जणू तेथील मुकादमच होता. १९०८ साली त्याने या प्रयोगाची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली व १९११ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

श्रमाने रोगाचे विष थोडथोडे रक्तात उतरते आणि शरीर आपणच आपल्याला लस टोचून घेते, असा सिद्धान्त पॅटरसनने मांडला होता. तो काळाच्या कसोटीला उतरला नाही. शिवाय फ्रिम्लीस येणारे रोगी निवडून पाठविलेले, बहुधा सौम्य प्रकृतीचे असत. तेव्हा त्याच्या यशाचा काही वाटा त्या निवडीलाही दिला पाहिजे. पण मजुराला मजूर म्हणून परत पाठवावयाचे तर त्याचे स्नायू जिवंत राखले पाहिजेत, हे त्याने ओळखले ते खरेच होते. वैद्यकाच्या इतिहासात चुकीच्या उपपत्तीच्या हाताला धरून बरोबर कृती चालत आल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ब्रेमर आणि पॅटरसन ही त्यांतली दोन.

पॅटरसनचा मार्ग फार काळ वाहता राहिला नाही. पुढील दशकांत छातीच्या पोकळीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवण्याची शस्त्रक्रिया पसरली. म्हणजे देहाबरोबर फुप्फुसालाही सक्तीची विश्रांती! या युगाचा शेवट मद्रासमध्ये झाला, ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तितकी सांगितली जात नाही. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या क्षय-औषधोपचार केंद्राने गरीब रोग्यांचे दोन गट पाडले. एका गटास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास दाटीवाटीच्या घरीच; गोळ्या दोघांनाही सारख्या. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून, अपुरे अन्न खाऊन, कामाधामात वावरणारे रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. गुण औषधाचा होता, खाटेचा नव्हता. आरामखुर्च्या हळूहळू अडगळीत गेल्या.

श्वसनाच्या व्यायामाची कथा याहून वेगळ्या वाटेने येते. पहिल्या महायुद्धात छातीला जखम झालेले शिपाई लंडनमध्ये येऊ लागले, तेव्हा सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील कोर्टलंट मॅकमेहन याने त्यांना पद्धतशीर श्वास घेण्यास शिकविले व १९१५ साली त्याविषयी लिहिले. हा गृहस्थ मूळचा वाचादोष सुधारणारा शिक्षक होता, हे विशेष. पुढे १९३४ पासून ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन या बाईंनी छातीचा नेमका कोणता भाग हलवावयाचा हे हाताच्या स्पर्शाने शिकविण्याची रीत बसविली. फुप्फुसांवरील शस्त्रक्रिया झालेल्यांना तिचा मोठा आधार झाला.

याच सुमारास आपल्या देशातही श्वासाचा विचार प्रयोगशाळेत शिरला होता, आणि त्याचा धागा बडोद्याशी जुळलेला आहे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामविद्या घेतली आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी योगाचा अभ्यास केला. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. क्ष-किरण, दाबमापक, श्वासातील वायूंचे पृथक्करण अशी साधने योगक्रियांच्या परीक्षणास लावण्याचा हा आद्य प्रयत्नांपैकी एक होता. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो ही लोकप्रिय समजूत त्यांनी उचलून धरली नाही, यात त्यांच्या वृत्तीचा पुरावा मिळतो. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. तेथे अधिक कोठे ठेवणार? स्वतः योगी असून योगाविषयीच्या अतिशयोक्तीला मोजमापाने आवर घालणारा हा पुरुष १९६६ साली निवर्तला. त्याने घालून दिलेला धडा त्याच्या नावाचा जयघोष करणाऱ्या अनेकांना पेलला नाही, असे म्हणणे भाग आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास क्षय औषधांनी हटू लागला आणि दुसराच शत्रू पुढे आला. तंबाखूचा धूर, कारखान्यांची धूळ, चुलीचा धूर यांनी श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात, आत गेलेली हवा बाहेर पडेनाशी होते. अशा रोग्याची खरी अडचण श्वास घेण्यात नसून सोडण्यात असते. म्हणूनच तो नकळत ओठांचा चंबू करून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडतो. त्या फुंकरीने नलिकांतील दाब टिकतो, त्या मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा निसटते. हे तंत्र अनेक रोग्यांना कोणी न शिकविताच साधते. डॉक्टरांनी ते पाहून घेतले व इतरांस शिकविले. गुडघ्यांवर किंवा मेजावर हात टेकून पुढे वाकून बसल्यानेही दम आवरतो, तो याच अनुभवातून आलेला उपाय. पोटावर हात ठेवून पोटाने श्वास घेण्याचा पाठ मात्र सर्वांना मानवत नाही. हवेने फुगलेल्या फुप्फुसांखाली श्वासपटल आधीच सपाट झालेले असते. अशांना त्या पाठाने श्वासाचे कष्ट वाढतात, असे १९९५ साली बेल्जियममधील संशोधकांनी दाखविले.

या रोग्यांनी चालावे, असे १९५२ साली सांगणारा न्यूयॉर्कचा ॲल्व्हन बराख हा डॉक्टर जवळजवळ एकटा होता. प्राणवायू देऊन त्याने दोन रोग्यांना चालण्याचा सराव करविला, तो काही काळाने ते प्राणवायूवाचूनही पूर्वीपेक्षा सुखाने चालू लागले. तालमीत खेळाडूला जे होते तेच येथे झाले असावे, असे त्याने अनुमान केले. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९६४ साली डॅलसमधील संशोधकांनी त्यास पुष्टी दिली. डेन्व्हर या समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरील शहरात टॉमस पेटी याने जवळ बाळगता येणारा प्राणवायू, श्वसनाचे शिक्षण आणि चालणे यांची सांगड घातली व १९६९ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

तरीही शंका मिटेना, आणि ती रास्त होती. व्यायामाने रोगी अधिक चाले खरा, पण नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजली तर आकडा होता तेथेच राही. मग सुधारले ते काय? केवळ मन? याचे उत्तर फुप्फुसांत नव्हतेच. ते मांड्यांत होते. धापेच्या भीतीने माणूस बसतो, बसल्याने पायांचे स्नायू रोडावतात, असे स्नायू थोड्या श्रमातच दुग्धाम्ल निर्माण करू लागतात, आणि त्या आम्लामुळे उपजलेला जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी आधीच थकलेल्या फुप्फुसांना अधिक श्वास घ्यावा लागतो. म्हणजे धाप टाळण्यासाठी बसणेच पुढे धाप वाढविते. सरावाने हे दुग्धाम्ल कमी होते, हे १९९१ साली कॅलिफोर्नियातील रिचर्ड कॅसाबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखविले. फुप्फुस होते तसेच राहिले; त्याच्यावरचा बोजा मात्र हलका झाला.

मोजण्याचे साधनही सोपे झाले. निरोगी तरुणांसाठी १९६८ साली बारा मिनिटांच्या धावण्याची कसोटी निघाली होती. १९७६ साली ती धाप लागणाऱ्यांसाठी बारा मिनिटांच्या चालण्यात बदलली, आणि १९८२ साली सहा मिनिटेही पुरतात असे ठरले. मग तुलनात्मक प्रयोगांची रीघ लागली. २०१५ साली अशा ६५ प्रयोगांचा व ३,८२२ रोग्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात श्वासाचा त्रास, थकवा, चालण्याची शक्ती या साऱ्यांत निःसंशय सुधारणा आढळली. इतकी, की आता रोग्यांच्या एका गटास यापासून वंचित ठेवून आणखी प्रयोग करण्याची गरज उरली नाही, असे आढावा घेणाऱ्यांनी नमूद केले. नुसत्या श्वसनाच्या व्यायामांचे यश यापुढे बेताचे आहे. प्राणायामासह योगाभ्यास तीन महिने केल्याने सहा मिनिटांतील चाल सुमारे ४५ मीटरने वाढल्याचे २०१२ सालच्या एका आढाव्यात दिसले, पण ते लहानशा प्रयोगांवरून. आणि अंगमेहनतीच्या सरावात श्वसनाचे व्यायाम मिसळल्याने त्यात विशेष भर पडत नाही, असेही त्यातच नोंदले आहे. चालणे हे मुख्य अन्न, श्वासाचे धडे हे तोंडीलावणे, असे फार तर म्हणता येईल.

आपल्या भागात या उपचाराचा हक्कदार कोण, हे पाहिले तर चित्र पाश्चात्त्य ग्रंथांतल्यासारखे दिसत नाही. आयुष्यात कधी विडी न ओढलेली, पण तीस-चाळीस वर्षे लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढे बसलेली स्त्री येथे मोठ्या संख्येने आढळते. धूम्रपान न करणाऱ्यांतील या रोगाकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधून जगाचे लक्ष वेधले होते. तिच्या जोडीला क्षयातून औषधांनी वाचलेला, पण फुप्फुसांत व्रण घेऊन वावरणारा रोगी आहे. जंतू गेले, दम मात्र परतला नाही. २०२० च्या साथीनंतर त्यांत आणखी माणसांची भर पडली. या सर्वांस बहुधा फवाऱ्याचे औषध मिळते. चालण्याची मात्रा लिहून देणारे, पहिले काही आठवडे सोबत उभे राहणारे, नाडी व प्राणवायू पाहणारे केंद्र जिल्ह्याच्या गावी क्वचितच सापडते. वास्तविक त्यास लागणारी सामग्री फार नाही. तीस मीटरची मोकळी पडवी, घड्याळ, बोटाला लावून प्राणवायू मोजणारे यंत्र, आठवड्यातून दोन-तीन दिवस येऊ शकणारा जाणता फिजिओथेरपिस्ट, आणि दोन-तीन महिन्यांचा अवधी. पडवीच्या दोन्ही टोकांना एकेक खुर्ची ठेवावी लागते. दम लागला की रोग्याने तीवर बसावे, आणि दम ओसरला की उठावे.