चार भोके आणि एक नियम : १९६५ च्या शेल्बी मस्टँगचे सस्पेन्शन

‘सस्पेन्शन’ हा शब्द मुळात टांगण्याचा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय घोडागाडीची पेटी चामडी पट्ट्यांवर खरोखरच टांगलेली असे. पुढे पोलादी पाटे आले, मोटारीत वेटोळी स्प्रिंग आली, टांगणे संपले. शब्द मात्र राहिला. आपल्याकडे परिभाषाकारांनी त्यास ‘निलंबन’ हा प्रतिशब्द दिला. परंतु तो कानी पडताच चौकशी चालू असलेला कारकून डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या गॅरेजांत ‘पाटे’ आणि ‘शॉकप’ हेच शब्द चालतात. यांपैकी दुसऱ्याविषयी पुढे थोडे लिहावयाचे आहे.

रोजच्या रस्त्यावरील मोटार शर्यतीच्या मार्गावरही चालावी, यासाठी तिच्या सस्पेन्शनमध्ये कोणते फेरफार करावेत, हा प्रश्न जुना आहे. १९६४ ते १९६६ या काळात अमेरिकेत एका मोटारीच्या बाबतीत तो सोडविला गेला आणि वर्षभरातच ते उत्तर बहुतांशी टाकून देण्यात आले. शेल्बी जी.टी. ३५० ही ती मोटार. तिची कथा सांगताना लेखक सहसा इंजिनाच्या ३०६ अश्वशक्तीचा आणि कॅरॉल शेल्बी या टेक्सासच्या गृहस्थाच्या व्यक्तिमत्त्वाचा विस्तार करतात. १९५९ साली ल मॉंची शर्यत जिंकणारा हा पुरुष विस्तारास पात्र आहे, यात वाद नाही. तथापि या मोटारीचा खरा इतिहास एका नियमात आणि सांगाड्याला पाडलेल्या चार भोकांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फोर्ड कंपनीने मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी विक्रीस आणली. दिसण्यात ती स्पोर्ट्स कार होती. अंगाने मात्र ती फाल्कन या साध्या कौटुंबिक मोटारीची बहीण. पुढे प्रत्येक चाकास वर-खाली दोन आडवे दांडे, वरच्या दांड्यावर बसविलेली वेटोळी स्प्रिंग. मागे सलग आख आणि लांब पाटे. या मोटारीस शर्यतीची प्रतिष्ठा मिळवून द्यावी, अशी फोर्डची इच्छा होती व ते काम शेल्बीकडे आले. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या उत्पादन-वर्गात उतरावयाचे तर गाडी दोनच आसनांची हवी आणि किमान १०० नग तयार हवेत. पहिली अट मागचे आसन काढून तेथे फायबरग्लासची फळी बसवून भागविली गेली.

निर्णायक ठरली ती तिसरी अट. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या नमुन्यापासून शर्यतीच्या गाडीने इंजिनात वेगळे व्हावे किंवा सस्पेन्शनमध्ये. दोहोंत नव्हे, असा नियमाचा अर्थ शेल्बीच्या मंडळींनी घेतला. शर्यतीचे इंजिन बाजारात जाणाऱ्यास विकणे व्यवहार्य नव्हते. तेव्हा वेगळेपण इंजिनासाठी राखून ठेवावे आणि शर्यतीचे सस्पेन्शन सरसकट सर्व गाड्यांना द्यावे, हे ओघानेच आले. ४,५४७ डॉलर देऊन रस्त्यावरची जी.टी. ३५० घेणाऱ्याच्या गाडीखाली, सस्पेन्शनपुरते तरी, शर्यतीच्या गाडीत होते तेच होते. रस्ता आणि शर्यत यांचा हा संगम कोणा तत्त्वचिंतकाने घडविला नाही, नियमपुस्तकाने घडविला.

आता त्या फेरफारांकडे वळू. स्प्रिंगा ताठ केल्या की गाडी शर्यतीस योग्य झाली, हा समज फार प्रचलित आहे आणि फार अपुरा आहे. रोल्स-रॉइस सोडून १९३० साली कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ओले या इंग्रज अभियंत्याने त्याच दशकात दाखवून दिले होते की, पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्यास बैठक सुखकर होते, आणि वळणावर गाडी कशी वागेल हे केवळ ताठरतेवर नव्हे, तर चाकांच्या हालचालीच्या भूमितीवर व टायरच्या पकडीवर ठरते. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन याने १९६२ च्या लोटस एलानमध्ये मऊ स्प्रिंगा आणि नेमके अवमंदन यांची जोडी घालून तोच धडा कृतीने गिरविला. परंतु एलान मुळापासून तशी आखलेली होती. मस्टँगच्या बाबतीत कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू सुधारावयाची होती, आणि दुरुस्ती करणाऱ्याचे काम निर्मात्याहून नेहमीच अवघड असते.

वळणावर मोटारीचा सांगाडा बाहेरच्या बाजूस कलतो. बाहेरच्या पुढच्या चाकावर भार वाढतो आणि मस्टँगच्या मूळ रचनेत नेमके तेच चाक सांगाड्याबरोबर बाहेर झुकते. टायरने रुंदीभर रस्ता धरावा अशा क्षणी तो कडेवर उभा राहतो. फोर्डमधील क्लाउस आर्निंग या सस्पेन्शन-अभियंत्याच्या अभ्यासातून निघालेला उपाय असा : वरच्या दांड्याचे आतील टोक ज्या दोन बोल्टांनी सांगाड्यास जखडलेले असते, त्यांची भोके एक इंच खाली पाडावयाची. प्रत्येक बाजूस दोन, एकूण चार. टोक खाली गेल्याने, चाक वर येत असता दांड्याचे बाहेरचे टोक आत ओढले जाते आणि चाकाचा माथा आत झुकतो. सांगाड्याच्या कलण्याची बरीचशी भरपाई तेथेच होते. शिवाय ज्या बिंदूभोवती सांगाडा कलतो तो वर सरकत असल्याने कलणेही कमी होते. यासाठी नवा सुटा भाग लागत नाही, वजन वाढत नाही, आणि खड्ड्यांत बसणाऱ्या धक्क्यांत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. हा शेवटचा मुद्दा वाचकाने ध्यानात ठेवावा.

बाकीचे फेरफार इतके निरुपद्रवी नव्हते. पुढे एक इंच जाडीची कल-रोधक सळई आली. अशा सळईचा पीळ-विरोध तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढतो; जाडी एक-पंचमांशाने वाढवली तर ताठरता दुपटीहून थोडी अधिक होते. दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली तर सळई स्वस्थ असते. एकच चढले तर ती धक्का दुसऱ्या बाजूस पोहोचविते. मागे, प्रवेगाच्या वेळी आख पिळून पाटे वाकू नयेत म्हणून आखाच्या वरून दोन दांडे पुढे नेले होते. त्यांसाठी जमिनीचा पत्रा कापावा लागे. ‘डिट्रॉइट लॉकर’ नावाचे डिफरन्शियल दोन्ही मागची चाके एकत्र बांधी आणि संथ वळणावर खाड् असा आवाज करून सुटे.

चारही कोपऱ्यांत हॉलंडचे कोनी शॉक ॲब्झॉर्बर होते. हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. धक्का पचविते ती स्प्रिंग. हे यंत्र स्प्रिंगचे नंतरचे हेलकावे तेलाच्या घर्षणाने शमविते. इंग्लंडातील अभियंते त्यास ‘डॅम्पर’ म्हणतात ते अधिक यथार्थ होय. आमचा ‘शॉकप’ मूळ चुकीचाच अपभ्रंश असला, तरी त्यातून निदान ‘शोषण’ गळून गेले आहे! कोनीचा विशेष असा की तो समायोज्य होता : गाडीतून काढावा, पूर्ण दाबावा, फिरवावा, म्हणजे स्प्रिंग उलट उसळताना होणारा विरोध वाढे. एकाच गाडीला सोमवारी कचेरीत आणि शनिवारी शर्यतीत नेण्याची सोय जर कोठे असेल, तर ती येथे होती; पण त्यासाठी दर वेळी गाडीखाली शिरावे लागे, आणि किती मालक ते करीत असतील याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

शर्यतीच्या बाजूने प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. गाडीच्या चाचण्यांत मोठा वाटा असलेल्या केन माइल्स या इंग्रज चालकाने १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमधील ग्रीन व्हॅली येथे पहिलीच शर्यत जिंकली. चारही चाके जमिनीपासून सुटलेल्या तेथील गाडीचे छायाचित्र पुढे प्रसिद्धीस आले. (माइल्स १९६६ च्या ऑगस्टमध्ये फोर्डच्याच दुसऱ्या एका गाडीची चाचणी घेताना रिव्हरसाइड येथे मृत्यू पावला.) बी-उत्पादन वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद १९६५, १९६६ व १९६७ अशी सलग तीन वर्षे या गाडीकडे राहिले.

रस्त्याच्या बाजूने निकाल वेगळा लागला. १९६५ मध्ये एकूण ५६२ गाड्या झाल्या. खडखडाट, कडक बैठक, मागचे आसन नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. १९६६ च्या सुरुवातीच्या सुमारे अडीचशे गाड्यांत जुने भाग वापरून झाल्यावर वरून जाणारे दांडे गेले, कोनी व लॉकर ऐच्छिक झाले, मागचे आसन परतले. त्याच वर्षी हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीसाठी सुमारे १,००० गाड्या तयार झाल्या. आणि या सर्वांबरोबर ती चार भोकेही गेली.

येथे इतिहासकाराने थांबावयास हवे. ‘ग्राहकांना आराम हवा होता, म्हणून सस्पेन्शन मवाळ केले’ हे स्पष्टीकरण इतर भागांपुरते बरोबर आहे. भोकांना ते लागू पडत नाही. त्यांनी कोणाची पाठ दुखविली नव्हती. ती गेली ती प्रत्येक गाडीमागे मजुरीचा वेळ खातात म्हणून. जे सर्वांत स्वस्त, सर्वांत गुणकारी आणि सर्वांत कमी त्रासदायक, ते हिशेबात प्रथम दिसले. कारण विकत घेणाऱ्याला ते दिसत नव्हते. जाड सळई दाखविता येते, कोनीचे नाव सांगता येते. एक इंच खाली सरकलेले भोक जाहिरातीत कसे मांडावे?

पुढे जुन्या मस्टँगच्या हौशी मालकांनी ते काम स्वतः हाती घेतले. आजही १९६५-६६ ची साधी गाडी घेऊन, कागदी साचा सांगाड्यावर चिकटवून, ड्रिलने नवी भोके पाडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बोलीत या कृतीस दोन नावे आहेत. काही तिला ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणतात, काही ‘आर्निंग ड्रॉप’. पहिले नाव अधिक चालते. दुसरे अधिक खरे आहे.